ड्यूटी आणि ध्यान: नवीन सिस्टरसाठी

अगं, ध्यानासाठी वेगळा तास काढायच्या फंदात पडू नकोस. शिफ्ट बदलत राहतात, पहाटे मांडी घालून बसणं फार टिकत नाही. वॉर्डात हात तर धुवायचेच असतात ना? साबणाने नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, सॅनिटायझरने २० ते ३०. तेवढा वेळ पाण्याचा गारवा, बोटांमधली चोळणी एवढ्याकडेच लक्ष दे. मन पळेलच. पळालं की परत आण, स्वतःवर चिडू नकोस, त्या परत आणण्याचाच तर सराव आहे. नातेवाईक अंगावर आले की श्वास घेशील त्याहून सावकाश सोड. हृदयाची धडधड थोडी खाली येते. औषधं काढताना मात्र श्वासाकडे लक्ष नको, लेबलकडे हवं.

घरी जाताना ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला मिळालं, तर रबाळे ते तुर्भे मोबाइल पिशवीत ठेव. तळपायापासून डोक्यापर्यंत एकेक भाग जाणवून घे. डोळा लागला तर लागू दे, फार तर स्टेशन चुकेल!

इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर चांगलं, पण एवढी रजा पहिल्या वर्षी कोण देणार?

आणि एक. दुप्पट पेशंट अंगावर टाकले, तर ते श्वासाने सुटत नाही. इन्चार्जना लेखी कळव. झोपच उडाली, सारखं रडू येतंय असं झालं तर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन कर. मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.