‘रिटर्न टू मंकी आयलंड’ हा व्हिडिओ गेम समीक्षकांना खरंच आवडला होता का?

हो, चांगलाच आवडला. गंमत म्हणजे सप्टेंबर २०२२ मध्ये गेम येण्याआधी काही जुने चाहते चित्रशैलीवरून इतके तुटून पडले, की गेमचा कर्ता रॉन गिल्बर्टने आपल्या ब्लॉगवर गेमबद्दल लिहिणंच थांबवलं. प्रत्यक्ष खेळल्यावर बहुतेक समीक्षकांना ती टोकदार, कागद कापून केल्यासारखी चित्रं फारशी खुपली नाहीत.

विनोद, कोडी आणि नायक गायब्रशला नेहमीच्या डॉमिनिक आर्माटोचाच आवाज, याचं कौतुक झालं. मला विचाराल तर खरी कमाल हिंट बुकची. अडलात की गायब्रशच्या सामानातून ते उघडायचं; आधी नुसता इशारा मिळतो, पुन्हा विचारलंत तरच पुढचं कळतं. १९९० च्या पहिल्या भागात ही सोय कुठली!

शेवटावरून मात्र दोन तट पडले. १९९१ च्या दुसऱ्या भागाने जिथं सगळ्यांना बुचकळ्यात टाकलं होतं, तिथूनच हा सुरू होतो आणि मंकी आयलंडचं ‘रहस्य’ काय, याचं सरळ उत्तर देत नाही. काहींना हे हृद्य वाटलं, काहींना पळवाट. मी पहिल्या गटात. पण आधीचे दोन भाग खेळले नसतील तर ते आधी खेळा, नाहीतर अर्धी मजा डोक्यावरून जाईल.