घरून काम: साहेबांचे 13 टक्के

प्रश्न: मी परळच्या एका विमा कंपनीत क्लेम विभागात आहे, वर्ष व्हायचंय अजून. राहायला डोंबिवली. साहेब म्हणतात, घरून काम केलं की काम 13 टक्क्यांनी वाढतं, तसं संशोधनच आहे. तुम्ही कायमचं घरून काम घ्या. लोकलमधून सुटका म्हणून मोह होतोय. घर वन बीएचके, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. घेऊ का?
– एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर: ताई, आकडा खरा आहे, पण साहेबांनी अर्धीच गोष्ट सांगितली. हा प्रयोग शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमधला. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तो 2015 मध्ये प्रसिद्ध केला. घरून काम मिळालं ते स्वतःहून पुढे आलेल्यांना, तेही नोकरीत किमान सहा महिने झालेले आणि घरी कामाला स्वतंत्र खोली असलेले. तुमची खोली कुठली? मुलाचा अभ्यास आत, सासूबाईंची मालिका बाहेर, म्हणजे लॅपटॉप ओट्यावरच! शिवाय ती मंडळी चार दिवस घरी आणि पाचव्या दिवशी ऑफिसात असत. वाढलेल्या 13 टक्क्यांतले 9 आले ते सुट्ट्या आणि मधल्या विश्रांत्या कमी झाल्यामुळे. साहेबांना हे आवडणारच. आणि काम तितकंच चांगलं असूनही घरी बसलेल्यांच्या बढतीची शक्यता घटली, हे मात्र त्यांनी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.

आता आपल्याकडचं बघा. चेन्नईत डेटा एन्ट्रीच्या कामगारांवर असाच प्रयोग झाला. चिठ्ठी टाकावी तसं कुणाला घर, कुणाला ऑफिस. घरून करणाऱ्यांचं काम ऑफिसवाल्यांपेक्षा 18 टक्क्यांनी कमी भरलं. त्यातला बराचसा फरक पहिल्याच दिवशी दिसला. उरलेला पडला तो ऑफिसवाले भराभर शिकत गेले म्हणून. वर्ष न झालेल्या माणसाने ही शेवटची ओळ दोनदा वाचावी. क्लेममधल्या खाचाखोचा शेजारच्या टेबलावरच्या जुन्या माणसाकडूनच कळतात, त्यासाठी कुणी व्हिडिओ कॉल लावत नाही.

गंमत म्हणजे, या विषयाचा पाया घालणारे जॅक निल्स यांनी 1973च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये अभ्यास केला तोही एका विमा कंपनीचाच, आणि त्यात माणसं घरी नव्हे, घराजवळच्या छोट्या ऑफिसात बसवली होती. कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला याहून काय हवं! पण तशी शाखा काढायला तुमची कंपनी काही उद्या तयार होणार नाही.

तेव्हा दोन दिवस घर, तीन दिवस परळ असं मागा. त्याच शांघायच्या कंपनीत पुढे 1,600 हून अधिक जणांवर हेच करून पाहिलं. 2024च्या निष्कर्षानुसार कामात फरक पडला नाही, नोकरी सोडणारे मात्र एक तृतीयांशाने घटले. साहेबांना हा आकडा दाखवा, माणसं टिकली तर त्यांनाही हवीच आहेत. मागणी मेलवरच करा, आणि घरच्या ब्रॉडबँडचे व विजेचे पैसे कोण भरणार तेही त्याच मेलमध्ये विचारा.