विज्ञानाच्या पदवीसाठी टॅब आणि डिजिटल पेन घ्यावं का, की वह्याच बऱ्या?

घ्यायला हरकत नाही, पण वर्गात भराभर उतरवून घेता येईल एवढ्यासाठीच घेत असाल तर वही पुरे.

मी पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो. स्वतः टॅबवरच लिहून पडद्यावर दाखवतो आणि मुलांच्या दोन्ही प्रकारच्या नोट्स नेहमी बघतो. त्यावरून सांगतो.

'हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं' असं म्हणताना बहुतेक जण म्यूलर आणि ओपेनहायमर या मानसशास्त्रज्ञांच्या २०१४ च्या अभ्यासाचा हवाला देतात. त्यात तुलना होती लॅपटॉपचा कीबोर्ड आणि कागद यांची. कीबोर्डवाले वक्त्याचे शब्द जसेच्या तसे टिपत गेले आणि संकल्पनांवरच्या प्रश्नांत मागे पडले. २०२१ मध्ये दुसऱ्या गटाने तोच प्रयोग पुन्हा केला. शब्दशः टिपणं तसंच दिसलं, गुणांतला फरक मात्र दिसला नाही. आणि मुळात त्या मुलांनी ऐकले होते टेड टॉक. आपल्याकडे फळा इंटिग्रलनी भरलेला असतो, तिथे कीबोर्ड कुणी काढतच नाही. टॅबवरही हातच चालतो, त्यामुळे हा वाद तुमच्या प्रश्नाला फारसा लागू नाही.

टॅबचा खरा उपयोग संध्याकाळी, नोट्स पुन्हा उघडल्यावर होतो. मॅक्सवेलच्या समीकरणांवरून तरंग समीकरण काढताना कर्लचा (क्षेत्र किती फिरतं ते सांगणाऱ्या क्रियेचा) पुन्हा कर्ल घेतात. तिथे एक व्हेक्टर आयडेंटिटी लागते, आणि मोकळ्या जागेत चार्ज नसल्यामुळे 'ई'चा, म्हणजे विद्युत क्षेत्राचा, डायव्हर्जन्स (बाहेर पसरणं) शून्य होतो. वर्गात या दोन गोष्टी शिक्षक एका दमात बोलून पुढे जातात (मीही जातो, वेळ कुठे असतो!). वहीत मधल्या ओळी घुसवायला जागा नसते, मग समासात बाण, बाणाला बाण. टॅबवर खालचं अर्धं पान लॅसोने (भोवती रेघ ओढून निवडायच्या साधनाने) उचलून खाली सरकवता येतं आणि सुटलेल्या पायऱ्या त्याच जागी लिहिता येतात. पान उघडून जागा करायला लागलात की कुठली पायरी आपल्याला कळलेली नाही हे आपोआप दिसतं. एवढ्या एका सोयीसाठी मी टॅबच्या बाजूने आहे.

रसायनशास्त्रवाल्यांना मेकॅनिझमसाठी (अभिक्रिया टप्प्याटप्प्याने कशी घडते ते काढताना) फायदा होतो. रेणूचा सांगाडा कॉपी करून पुढच्या टप्प्यात फक्त बदललेला बंध नव्याने काढला, तर काय बदललं तेवढंच नजरेत भरतं. वक्र बाण वेगळ्या रंगात. जीवशास्त्रात सूक्ष्मदर्शकाच्या फोटोवर थेट नावं लिहिता येतात. पण फोटोवर रेषा गिरवून आकृती 'काढली' असं समजू नका. आधी बघून काढा, मग फोटोशी ताडून पाहा.

आता तोटे. सगळ्यात मोठा तोटा म्हणजे 'अनडू', लिहिलेलं एका टिचकीत मागे घ्यायची सोय. कागदावर चुकलेली ओळ खोडली तरी दिसत राहते आणि पुढच्या वेळी सावध करते. टॅबवर ती नाहीशीच होते. गणितं सोडवताना मी मुलांना खोडरबर वापरू देत नाही. चुकलं की लाल रंग घ्यायचा आणि खाली पुन्हा लिहायचं. दुसरा धोका सजावटीचा. पाच रंगांच्या, सावली दिलेल्या मथळ्यांच्या नोट्स बघून आपल्याला सगळं येतं असं वाटू लागतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून डेरिव्हेशन (सूत्र पायरीपायरीने काढणं) कोऱ्या पानावर, नोट्स बंद करून. जुन्या पानावरून कॉपी-पेस्ट केलेलं डेरिव्हेशन केलेलं धरायचं नाही.

परीक्षा कागदावर असेल तर शेवटचे काही आठवडे जुन्या प्रश्नपत्रिका कागदावरच सोडवा. पान झूम करून, म्हणजे मोठं करून, लिहायची सवय लागली की पानावर किती मावतं याचा अंदाज जातो, अक्षरही मोठं होतं.

वर्गात नोटिफिकेशन बंद ठेवा. २०१३ च्या एका अभ्यासात लेक्चरमध्ये लॅपटॉपवर इतर कामं करणाऱ्यांचे गुण घसरले, पण ज्यांना तो पडदा दिसत होता त्यांचेही घसरले.

घेताना पेन बघून घ्या, टॅब नंतर. रबरी टोकाची साधी स्टायलस नको, तिने सबस्क्रिप्ट (अक्षराच्या पायाशी लिहायचा बारीक अंक) लिहिता येत नाही. काही पेनांना बॅटरी लागत नाही, ती पडद्याच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रातून ऊर्जा घेतात; बाकीची चार्ज करावी लागतात. ४०९६ प्रेशर लेव्हल (पेनाचा दाब ओळखायच्या पातळ्या) वगैरे चित्रकारांसाठी. तुमची कसोटी अशी: तळहात पडद्यावर टेकवून बारीक अक्षरात झीटा आणि क्साय ही ग्रीक अक्षरं लिहा, मग एका सबस्क्रिप्टला आणखी एक सबस्क्रिप्ट द्या. नंतर वाचता आलं तर पेन चांगलं. मॅट फिल्म लावली की कागदासारखा खरखरीतपणा येतो, पण निब लवकर झिजते.

अॅपवरून फार डोकं खाऊ नका. नोटॅबिलिटीत रेकॉर्डिंग लिखाणाशी जोडलेलं राहतं. शब्दावर टिचकी मारली की तो लिहिताना काय बोलणं चाललं होतं ते ऐकू येतं (रेकॉर्डिंगआधी शिक्षकांना विचारा). झूर्नल प्लस प्लस फुकट आहे, पीडीएफवर लिहायला पुरेसं. कुठलंही घेतलंत तरी महिन्यातून एकदा सगळ्या वह्या पीडीएफ करून दुसरीकडे ठेवा, कारण एका अॅपची फाइल दुसऱ्यात तशीच उघडेल याची खात्री नसते.