स्केचअपचं मॉडेल रेव्हिटमध्ये नेलं की भिंती भिंती राहत नाहीत

प्रश्न : बंगल्याचं मॉडेल स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलंय, आता सर रेव्हिट या इमारतींच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग मागतायत. इंपोर्ट केलं तर अख्खं मॉडेल एकच ठोकळा म्हणून सिलेक्ट होतं, भिंतीची जाडीसुद्धा बदलता येत नाही. काय करू? – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : अगं, तो दोष तुझा नाही. स्केचअपला फक्त रेषा आणि फेस (म्हणजे पृष्ठभाग) कळतात, रेव्हिटला मात्र भिंत म्हणजे जाडी, मटेरियल, लेव्हल (मजल्याची पातळी) असं सगळं लागतं, आणि ते फाइलमध्ये मुळात नसतंच तर येणार कुठून! म्हणून मॉडेल इन-प्लेस मासमध्ये (रेव्हिट प्रोजेक्टमधल्या ढोबळ आकारात) इंपोर्ट कर आणि मग वॉल बाय फेस ही कमांड वापरून त्याच्या पृष्ठभागांवर भिंती चढव, पण खरं सांगू, साध्या बंगल्याला ते मॉडेल सरळ अंडरले म्हणून, म्हणजे खाली आधाराला, ठेवून नव्याने काढणंच लवकर होतं. फाइल उघडलीच नाही तर स्केचअपमधून जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून बघ. आत आल्यावर एखादा दरवाजा मोजायचाच, २५.४ पट फरक दिसला तर मिलिमीटर-इंचाचा घोळ. आयएफसीने (सॉफ्टवेअरमधल्या देवाणघेवाणीच्या सामायिक फाइल फॉरमॅटने) जमेल असं कोणी सांगेल, जमतं, पण आधी स्केचअपमध्ये प्रत्येक घटकाला भिंत, स्लॅब असं क्लासिफाय केलेलं असेल तरच. आणि हो, रेव्हिटची फाइल जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह होत नाही, तेव्हा सरांकडे कुठलं व्हर्जन आहे ते आधी विचार.