हॅरी पॉटर वाचून झालंय, आता पूर्ण झालेली कोणती फॅन्टसी सिरीज घेऊ?

ब्रँडन सँडरसनची 'मिस्टबॉर्न' घ्या, पहिली ट्रिलॉजी २००६ ते २००८ मध्ये तीन पुस्तकांत पूर्ण झालीये त्यामुळे पुढच्या भागाची वाट बघायला नको. मी तिन्ही दोनदा वाचलीत आणि खरी मजा जादूच्या नियमांत आहे. इथे माणसं धातू गिळून पोटात 'जाळतात', प्रत्येक धातूची ताकद ठरलेली, कथील जाळलं की डोळे-कान तीक्ष्ण होतात, पोलाद जाळलं की आसपासचा धातू ढकलता येतो, पण उलटा धक्का आपल्यालाही बसतो, म्हणजे हवेतलं नाणं गोळीसारखं सुटतं आणि तेच जमिनीला टेकलेलं असेल तर आपणच वर उडतो, अगदी न्यूटनचा तिसरा नियम! त्यामुळे मारामारीत कोण का जिंकलं ते नीट कळतं, उगाच ऐनवेळी चमत्कार होत नाही. आणि विन, रस्त्यावर वाढलेली मुलगी, ती हळूहळू माणसांवर विश्वास टाकायला शिकते ते तर मला जादूपेक्षाही आवडतं. फक्त दुसरा भाग वेढा पडलेल्या शहराच्या राजकारणात बराच रेंगाळतो, तिथे सोडू नका, पहिल्या भागातल्या बारीकसारीक गोष्टींचे धागे तिसऱ्यात जुळतात.