एअर रायफल चांगली जमत असेल तर वावरातलं रानडुक्कर किती लांबून मारावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की क्लबात १० मीटर एअर रायफलचा स्कोअर चांगला येतो, गावाकडे काकांच्या हरभऱ्यात रानडुकरं घुसून राहिली, काकांकडे बारा बोअर आहे, वनखात्यात अर्ज टाकलाय, तर परवानगी आल्यावर किती लांबून मारावं आणि नेम कुठे धरावा.

तीस पावलं. त्याच्या पलीकडे नाही. घाई असेल तर इथेच थांबा, कारण पुढचं मी तुमच्यासाठी कमी आणि आमच्या भाऊजींसाठी जास्त लिहून राहिलो.

आमचं वावर भिवापूरच्या अलीकडे. एका अंगाला नाला, नाल्याच्या पलीकडे जंगल. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य झालं २०१२ ला, पण डुकरं त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. हरभरा घाट्यावर आला की जागल, म्हणजे रात्रभर वावराची राखण, करावीच लागते, नाहीतर एका रात्रीत धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत नांगर फिरवल्यासारखं करून ठेवतात. बाबांकडे दोन नळ्यांची जुनी बारा बोअर होती. त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर रीतसर ती माझ्या नावावर झाली. मी नागपुरात नोकरीला, सोम ते शुक्र कम्प्युटर आणि शनिवारी रात्री मचाण, असं सात-आठ वर्षं चाललं.

बाबांची एक पद्धत होती. हंगाम सुरू झाला की मचाणापासून तीस पावलं मोजून गोलाकार खुंट्या ठोकायचे आणि प्रत्येक खुंटीला जुन्या धोतराची चिंधी बांधायचे. चिंधीच्या पलीकडचं डुक्कर आपलं नाही, हा नियम. ओरडा, डबा वाजवा, फटाका फोडा, पण बंदूक उचलायची नाही. लहानपणी मला वाटायचं की म्हाताऱ्याला लांबचं दिसत नाही म्हणून हे सोंग आहे.

तर २०१८ ची संक्रांत. ताई आणि भाऊजी अमरावतीहून आले होते. भाऊजी म्हणाले मी पण येतो जागलीला, आणि जावयाला नाही कोण म्हणणार. परवानगीचा कागद माझ्या खिशात होता, तो भाग व्यवस्थित होता. मचाणावर बसल्यावर त्यांनी तीन तास प्लॉटचे भाव सांगितले, मग थंडीने तेही गप्प झाले. अडीचच्या सुमारास नाल्याकडून घाटे फोडल्याचा आवाज यायला लागला, कुरकुर कुरकुर, कोणी चणे-फुटाणे खाऊन राहिल्यासारखा. टॉर्च मारली. काळा ढीग, आडवा उभा, आणि डोळे चमकले नाहीत.

हे लक्षात ठेवा, फार कामाचं आहे. डुकराचे डोळे टॉर्चमध्ये चमकत नाहीत. गाय, कुत्रं, रोही (नीलगाय), बिबट, वाघ या सगळ्यांचे चमकतात कारण डोळ्यामागे उजेड परत फेकणारा पडदा असतो, डुकराला तो नाही. म्हणजे डोळे चमकले तर बोट चापावरून काढायचं, ते जे काय असेल ते डुक्कर नाही. आणि चमकले नाहीत म्हणून लगेच मारायचंही नाही, घोंगडी पांघरून बसलेल्या शेजाऱ्याचेही चमकत नाहीत. पूर्ण जनावर दिसलं पाहिजे, तोंड कुठे, शेपूट कुठे, मागे काय आहे. नुसत्या आवाजावर गोळी घालणाऱ्याचं लायसन आयुष्यभरासाठी काढून घ्यावं, या मताचा मी आहे.

माझ्या आणि त्या डुकराच्या मध्ये एक पांढरी चिंधी लोंबत होती. मला दिसली. भाऊजी कानात, "मारा नं, कायची वाट पाहून राहिले, पळून जाईन ते." मी मारली. एलजी, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस, डावी नळी, चोकवाली, म्हणजे छर्रे कमी पांगावेत म्हणून टोकाला आवळलेली.

डुक्कर ओरडलं, पाठीची कमान केली आणि नाल्याकडे गेलं. भाऊजी म्हणाले लागली, लागली, आणि मचाणावरून उतरायला निघाले. त्यांना शर्टाला धरून बसवलं तेवढंच काय ते मी त्या रात्री बरोबर केलं. जखमी डुकराच्या मागे अंधारात जायचं नसतं, ते पुढे असतं आणि ते तुमची वाट पाहत असतं. बाबांना फोन लावला. त्यांनी मेलं का, केवढं होतं, हे काहीच विचारलं नाही. म्हणाले, "चिंधीच्या अलीकडे होतं का पलीकडे?" मी म्हटलं, चिंधीजवळच होतं.

उजाडल्यावर ते आले. चिंधीपासून रक्ताच्या पहिल्या थेंबापर्यंत चालत गेले, तोंडातल्या तोंडात मोजत. एकवीस पावलं. परत येऊन माझ्याकडे न पाहता म्हणाले, "चिंधी दिसली नाही काय तुले?"

रक्त काळपट होतं आणि त्यात हिरवा चोथा होता. फेसाळ गुलाबी रक्त असतं तर फुप्फुस, जनावर शे-दोनशे पावलांत पडलेलं मिळतं. काळपट आणि चोथा म्हणजे पोट. पोटात लागलेलं जनावर लवकर मरत नाही, आणि लगेच मागे लागलात तर उठून आणखी लांब जातं. बाबांनी वनखात्याच्या गार्डला फोन करायला लावला, तो येईपर्यंत आम्ही धुऱ्यावर बसून राहिलो. भाऊजी घरी गेले, त्यांना नाश्ता करायचा होता.

मग मी, बाबा आणि गार्ड. हरभऱ्यावरची सकाळची आंब किती आंबट असते ते त्यातून चालल्याशिवाय कळत नाही, पॅन्ट मांडीपर्यंत ओली आणि पायावर जिथे जिथे ओरखडा तिथे तिथे आग. वावरात माग सोपा होता, नाल्यात संपला. पाण्याच्या दोन्ही काठांनी वाकून वाकून पानं पाहत गेलो. दुपारी दीडच्या सुमारास गार्डने हात वर केला. घाणेरीच्या जाळीत चिखलात पडलं होतं, मागचे पाय चालत नव्हते, पण जिवंत. अकरा तास. मला पाहून दात वाजवले. आठ-दहा पावलांवरून दुसरी गोळी घातली आणि बाबांनी तेव्हाही काही म्हटलं नाही, बरंच झालं.

मादी होती. गार्डने पंचनाम्यासाठी आडवी केली तर आचळातून दूध आलं. पिल्लं आम्ही संध्याकाळपर्यंत शोधली, अंगावर पट्टे असलेली छोटी असतील असं धरून. मिळाली नाहीत.

आता भाऊजींची बाजू. गेली कितीतरी वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ते सांगतात, "तीस-पस्तीस पावलांवर होतं हो, साळेबुवांचा हात हलला." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाऊन अंतर मोजलं होतं म्हणे, अडतीस आलं. आणि वर, "जखमी झालं तर झालं, वावरातून तर गेलं नं, काम झालं." हे दुसरं वाक्य मला जास्त लागतं. असंच बोलणारे लोक कुंपणात करंट सोडतात, मग त्यात डुक्कर मरतं, शेजाऱ्याचा बैल मरतो, वाघ मरतो, कधी घरचाच माणूस पाणी द्यायला जातो आणि मरतो. काम झालं म्हणजे काय झालं? जनावर मारायची वेळ आलीच तर ते जिथल्या तिथे मेलं पाहिजे, नाही तर मारू नका, पीक गेलं तर नुकसानभरपाईचा अर्ज करा. भरपाई पुरत नाही हे मलाही माहीत आहे, मीही शेतकऱ्याचाच पोरगा आहे.

हात हलला होता का, ते मी तपासलं. कुलरच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घेतला, मुलीने त्यावर डुक्कर काढून दिलं, ते थोडं गणपतीच्या उंदरासारखं झालं, पण माप बरोबर होतं. ओळखीच्या रेंजवर रीतसर परवानगीने, बंदूक टेकवून, तीच नळी, तीच काडतुसं. तीस पावलांवर एक छर्रा सोडून सगळे जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत, छातीवर. तीस आणि वरची एकवीस, अशा एक्कावन्न पावलांवर छातीत एक, पोटात दोन, बाकीचे कुठे गेले ते पुठ्ठ्यालाही माहीत नाही. एलजीच्या काडतुसात मोजकेच मोठे छर्रे असतात, ते पांगले की नेम धरण्याला अर्थच उरत नाही, मग हात दगडाचा असला तरी. तो पुठ्ठा मी दिवाळीत भाऊजींसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "तीन लागले नं? मग."

बरं, तुमचं. १० मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं, तिथे तुम्ही नेम लावता म्हणजे श्वास, चाप, फॉलो थ्रू (शॉट सुटल्यावरही नेम धरून ठेवणं) हे सांगायची गरज नाही. पण तिथे ६० शॉटला ७५ मिनिटं मिळतात आणि मनासारखं नाही वाटलं तर रायफल खाली ठेवून परत उचलता येते. मचाणावर सहा तास आखडून बसल्यावर एकच शॉट, बधिर बोटांनी, जड चापावर, साइट म्हणून नळीच्या टोकाला एक मणी, आणि खांद्याला धक्का बसणार हे आधीच माहीत असल्यामुळे डोळे मिटतात ते वेगळंच. आणि तुमची खरी अडचण म्हणजे तुम्हाला मधोमध मारायची सवय आहे. डुकराच्या मधोमध पोट असतं. जनावर पूर्ण आडवं उभं असेल तेव्हाच, पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. त्याचं हृदय आपल्याला वाटतं त्यापेक्षा खाली आणि पुढे असतं. समोरून, मागून, पळताना, कळपात एकामागे एक उभी असताना नाही. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड चिवट थर असतो, तिथे लांबून छर्रा मारणं म्हणजे टायरला खडा मारणं. गोळी घातल्यावर जागेवरून हलू नका, बंदूक परत भरा, जनावर कुठे उभं होतं आणि कुठल्या झाडाकडे गेलं ते डोक्यात पक्कं करा.

मचाण लोकांना वाटतं की डुकरापासून वाचायला असतं. तेही आहे, पण वरून मारलं की गोळी मातीत जाते, सपाट वावरात उभ्याने मारली तर चुकलेली गोळी पुढच्या वावरात जाते आणि तिथेही कोणीतरी जागलीला असतं. कोणी .३१५ रायफल वापरा म्हणेल तर आधी मागे मातीचा बांध आहे का पाहा, ती गोळी दुसऱ्या गावापर्यंत जाते.

आता आधी सांगायला पाहिजे होतं ते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार बंद आहे, नवव्या कलमाने. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी अकराव्या कलमाखाली लेखी परवानगी मिळते, तीही ठरावीक जनावराची, ठरावीक जागेची. कागद हातात नसेल तर वरचं सगळं विसरा. मेलेलं डुक्कर सरकारचं, पंचनामा करून पुरायचं किंवा जाळायचं, सावजी मसाला आणून ठेवू नका. एअर रायफल डुकरावर चुकूनही नको. आणि मुख्य म्हणजे लायसन काकांचं आहे असं तुम्हीच लिहिलंय, मग बंदूक काकांनीच चालवायची, परवानगीवर नाव ज्याचं त्यानेच. तुमचा स्कोअर कितीही असो, तुम्ही टॉर्च धरायची. हे ऐकून राग येईल, पण टॉर्च धरणाराच "मार" किंवा "नको" म्हणतो, हे मी आमच्या मचाणावर पाहिलंय.

बाबा गेले २०२१ ला. मी त्यानंतर परवानगीचा अर्ज केला नाही, बंदूक वर्षातून दोनदा तेल लावायला काढतो. चिंध्या मात्र बांधतो, आता त्या नुसत्या हवेत हलतात म्हणूनही डुकरं थोडी बिचकतात.

तुम्हाला बांधायच्या असतील तर पांढऱ्याच घ्या, लाल कापड रात्रीच्या अंधुक उजेडात काळं दिसतं. खुंट्या ज्याला बंदूक चालवायची त्यानेच पावलं मोजून ठोकायच्या, आणि मोजायला जावयाला पाठवू नका, त्यांची पावलं लांब पडतात.