लेकीला पाईनच्या जंगलात फोटोग्राफर व्हायचंय: नागभीड तालुक्यातल्या एका आईच्या पत्राला उत्तर

पत्र: "मॅडम, मी अंगणवाडी सेविका आहे. घरी अडीच एकर धानाची शेती. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, जीवशास्त्र घेऊन सीईटीही दिली, मार्क बरे आहेत. माझा भाऊ फौजेत आहे, त्याची पोस्टिंग सध्या राणीखेतला. मागच्या दिवाळीत पोरगी त्याच्याकडे राहून आली आणि तेव्हापासून एकच धरून बसली आहे, की पाईनच्या जंगलातले प्राणी आणि तिकडचे डोंगर यांचे फोटो काढायचे, त्यातच करिअर करायचं. म्हणते, एक वर्ष कॉलेज नको, मामाकडे राहते, बचत गटातून दीड लाख उचलून कॅमेरा घेऊन दे. तिच्या बाबांना हे अजिबात पटत नाही. मला हो म्हणवत नाही आणि नाही म्हणायलाही जीव धजत नाही. यात पोट भरतं का? तिने मोबाईलवर काढलेले फोटो सोबत पाठवत आहे."

ताई,

बचत गटाचं कर्ज कॅमेऱ्यासाठी उचलू नका, आणि मुलीला नाहीही म्हणू नका. गटाचा हप्ता दर महिन्याला येतो, फोटोचे पैसे तसे येत नाहीत. पहिल्या दोन-तीन वर्षांत तर बहुतेकांना काहीच येत नाहीत. तो हप्ता तुमच्या मानधनातून जाईल, गटातल्या बाकी बायांचा जीव टांगणीला लागेल, आणि तुमची लेक प्रत्येक फोटो काढताना कर्जाचाच विचार करत बसेल. पण तिच्या डोक्यात जे आहे ते खूळ नाही. फोटो बघितल्यावर हे मी खात्रीने सांगते.

राणीखेतचे फोटो आधी बघितले. चीडची उंच झाडं, मोबाईल वर करून काढलेली, त्यामुळे सगळी खोडं आतल्या बाजूला कलंडल्यासारखी दिसतात आणि आभाळ पांढरं फटक पडलंय. तिकडे जाऊन येणारा प्रत्येक जण असा फोटो आणतो. मग मोहफुलांचा फोटो आला, तिथे मी थांबले. पहाटेचा तिरपा उजेड. मोहाखालची जमीन झाडून साफ केलेली. आजी वाकून फुलं वेचते आहे, टोपली अर्धी भरली आहे. आणि मागे, धुऱ्याच्या पलीकडे, दोन चितळं मान वर करून उभी. ती चितळं योगायोगाने आलेली नाहीत. गळालेल्या मोहफुलांवर ती येतात हे पोरीला माहीत होतं, माणूस किती जवळ गेला की ती उधळतात हेही माहीत होतं, म्हणून ती बरोबर त्या अंतरावर थांबली. मोबाईलला झूम नाही, तरी चित्रात आजी, झाड आणि जनावर तिघांचं नातं आलंय. ही नजर विकत मिळत नाही, ती तुमच्या गावात राहून आली आहे. पाईनचं जंगल तिने एका दिवाळीपुरतं बघितलं, मोहाचं जंगल ती जन्मापासून बघते आहे. दोन्ही फोटोंत जो फरक आहे तो याचाच आहे.

आता पाईनच्या जंगलाबद्दल बोलते, कारण तिच्या मनात ते नेमकं काय म्हणून बसलंय ते तुम्हाला कळायला हवं. राणीखेतच्या आसपास आहे तो मुख्यतः चीड, म्हणजे चीर पाईन. हिमालयात साधारण ५०० ते २००० मीटर उंचीच्या पट्ट्यात, कुठे त्याहूनही थोडा वर वाढतो. त्याच्या सुया तीन-तीनच्या जुडीत येतात. खाली गळून साचतात, त्याला कुमाऊंत पिरूल म्हणतात. या पिरूलखाली इतर रोपं फारशी उगवत नाहीत. झुडूप नाही, गवत कमी, म्हणून चरणारं जनावरही कमी. नुसत्या चीडच्या जंगलात दिवसभर फिरलं तरी हाती खोडंच लागतात, असं बऱ्याचदा होतं. प्राणी-पक्षी जास्त मिळतात ते चीड संपून बांज, म्हणजे तिकडचा ओक, सुरू होतो त्या सीमेवर. अल्मोडा जिल्ह्यातलं बिनसर अभयारण्य त्यासाठीच फोटोग्राफरांना आवडतं. खालच्या उतारावर चीड, वर बांज आणि लाल फुलांचा बुरांस. कालीज हा रानकोंबड्यासारखा पक्षी, सुतार पक्षी, हिमालयन बुलबुल, नशीब असेल तर पिवळ्या गळ्याचा मार्टेन हा छोटा शिकारी प्राणी, कड्याच्या बाजूला घोरल, म्हणजे डोंगरी शेळीसारखं जनावर. आणि भेकर. तिकडे त्याला काकड म्हणतात, पण जनावर आपल्या ताडोबा-मेळघाटातलंच. भेकराचा भुंकण्याचा आवाज जिला इथे ओळखता येतो, तिला तो तिकडेही ओळखता येईल. बिबट्याचंही तेच.

उजेडाचं गणितही वेगळं. आपल्याकडे उन्हाळ्यात सागाची पानं गळतात, बांबू वाळतो, जंगल आरपार दिसतं, म्हणून एप्रिल-मे हा वाघ बघायचा हंगाम. चीड बारमाही हिरवा. भर दुपारी त्याच्या खोडांवर उन्हाचे पांढरे पट्टे आणि मध्ये काळी सावली पडते, कुठलाही कॅमेरा दोन्ही नीट धरत नाही. तिथे ढगाळ सकाळ किंवा धुकं असलं की खोडांच्या रांगा एकामागे एक उलगडत जातात. ऊन समोरून आलं तर सुयांच्या कडा चमकतात. खोडं सरळ हवी असतील तर कॅमेरा वर करायचा नाही, मागे सरकायचं किंवा उंचावरच्या वाटेवरून समोरचा उतार टिपायचा. त्रिशूळ आणि ७८१६ मीटरची नंदादेवी स्वच्छ दिसते ती पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि तीही सकाळी लवकर, नंतर शिखरांवर ढग चढतात. एप्रिल ते जून पिरूल पेट घेतो, वणव्याचा धूर दऱ्यांत भरतो आणि शिखरं दिसेनाशी होतात. वर्षभर मामाकडे राहण्याचा हट्ट म्हणून मला पटत नाही. वर्षातले बरेच दिवस ती खिडकीत बसून राहील. शिवाय राणीखेत ही छावणी आहे, कुमाऊं रेजिमेंटचं केंद्र तिथे आहे. लष्करी हद्दीत कॅमेरा काढला तर आधी तिच्या मामाला जाब द्यावा लागेल, हे तिला नीट समजावा.

पोट भरतं का, हा तुमचा खरा प्रश्न. फक्त वन्यजीवांचे फोटो विकून घर चालवणारी माणसं देशात फार थोडी आहेत, आणि त्यातल्या अनेकांच्या पाठीशी घरचा पैसा किंवा दुसरा व्यवसाय होता. पण फोटोग्राफीला जंगलाच्या ज्ञानाची जोड दिली की कामं निघतात. संशोधन प्रकल्पांत कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावणं आणि त्यातले फोटो ओळखून नोंदवणं, संस्थांच्या कामाचं चित्रण, रिसॉर्टसाठी फोटो, पर्यटकांच्या गटांना घेऊन फिरणं, पुढे स्वतः शिकवणं. ताडोबात गावातल्या मुली आज गाईड म्हणून काम करतात. ज्या गाईडला कॅमेरा कळतो, उजेड कुठून येणार आणि जिप्सी कुठे उभी करायची हे कळतं, तिला पाहुणे नाव घेऊन मागतात. आणि हो, लग्नाचे फोटो. त्यात कमीपणा मानू नका. लग्नसराईत मिळालेल्या पैशातून लेन्स घेणारे आणि उरलेलं वर्ष जंगलात काढणारे चांगले फोटोग्राफर विदर्भात आहेत.

शिक्षणाचं म्हणाल तर कॉलेज सोडायचं नाही, याबाबत मी तिच्या बाबांच्या बाजूने आहे. सीईटी दिलीच आहे, तर अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं वनविद्या महाविद्यालय आहे, तिथली चार वर्षांची बी.एस्सी. वानिकी ही माझी पहिली पसंती. झाड, माती, वणवा, वन्यजीव, कायदा हे सगळं तिथे शिकायला मिळतं, आणि पुढे वनसेवेच्या परीक्षांची दारंही उघडी राहतात. तिथून पुढची पायरी डेहराडूनची. वन संशोधन संस्था तिथे १९०६ पासून आहे, एम.एस्सी.ला स्वतःची प्रवेश परीक्षा घेते. तिथेच १९८२ साली स्थापन झालेली भारतीय वन्यजीव संस्था आहे. म्हणजे पोरगी चार-पाच वर्षांनी उत्तराखंडातच जाईल, पण पाहुणी म्हणून न जाता विद्यार्थिनी म्हणून, हातात ओळखपत्र आणि परवानगी घेऊन. अकोल्याला नंबर लागला नाही तर ब्रह्मपुरी किंवा नागपूरला प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्र घेऊन साधी बी.एस्सी. करावी, वन संशोधन संस्थेची वाट त्यातूनही जाते. आणि पदवीनंतर तिला फोटोग्राफीच शिकायची असं ठाम वाटलं, तर एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर कॅम्पसला फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. बारावीनंतर लगेच हजारो रुपये घेऊन सहा महिन्यांत "वाइल्डलाइफ फोटोग्राफर" करून देणाऱ्या खासगी क्लासच्या जाहिरातींकडे मात्र वळूनही बघू नका.

कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगते. सेकंडहँड डीएसएलआर, सोबतची छोटी लेन्स आणि ३०० मिमीपर्यंतची एक झूम, इतकं पहिल्या तीन वर्षांना पुरतं. ओळखीच्या फोटोग्राफरकडून, स्वतः हाताळून, शटर किती वेळा चाललंय ते तपासून घ्यावं. ६०० मिमीची लेन्स नंतर, स्वतःच्या कमाईतून. तोवर मोबाईल आहेच, त्यावर तिने मोहाचा फोटो काढला आहे.

आता थोडं मुलीशी बोलते.

बेटा, पाईनचं स्वप्न सोड असं मी म्हणत नाही. पण त्याआधी तुझ्या तालुक्यातलं एक पूर्ण वर्ष टिपून काढ. घोडाझरीचा तलाव आणि २०१८ साली त्याच्या भोवती जाहीर झालेलं अभयारण्य तुझ्या तालुक्यात आहे. गावोगावचे मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत, त्यांच्यावर कमळपक्षी पानावरून पानावर चालतात. रोवणीच्या वेळी बांधीत पाणी साचतं तेव्हा आभाळ खाली उतरतं, तेव्हा लँडस्केप शिकायचं. एकच जागा पावसात, थंडीत, उन्हाळ्यात, त्याच कोनातून पुन्हा पुन्हा काढ. वणवा अडवायच्या जाळरेषा जाळताना वनमजूर असतात, तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागी बाया पुडके मोजतात, तेही जंगलाचंच चित्रण आहे. पुढे कुमाऊंत चीडच्या खोडाला खाच पाडून लिसा, म्हणजे राळ गोळा करणारी माणसं दिसतील तेव्हा कुठे उभं राहायचं हे तुला इथूनच कळलेलं असेल.

आणि एक गोष्ट मी फार कळकळीने सांगते आहे. एकटी जंगलात जायचं नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल या पट्ट्यात वाघ राखीव जंगलाबाहेरही आहे, आणि मोहफुलं वेचताना, तेंदू तोडताना माणसं गेली आहेत हे तुझ्या गावाला सांगायला नको. वाकलेल्या माणसावर वाघ येतो, आणि कॅमेऱ्याला डोळा लावलेल्या माणसाला आजूबाजूचं काहीच दिसत नाही. तुझा तो सुंदर फोटो बघताना मला पहिला प्रश्न हाच पडला, की तुझ्या पाठीमागे कोण उभं होतं? यापुढे पहाटे जायचं तर मोठ्या माणसांसोबत, आणि गावातल्या पीआरटीच्या, म्हणजे वाघावर लक्ष ठेवणाऱ्या प्राथमिक प्रतिसाद दलाच्या पोरांना विचारून. त्यांना आदल्या रात्री कुठे हालचाल होती ते माहीत असतं. अभयारण्यात फोटोसाठी परवाना लागतो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातच ती तरतूद आहे. तुमच्या बीटच्या वनरक्षकाची ओळख करून घे, परवान्याचं तो सांगेल. घरट्याजवळ जाऊन फोटो काढायचा नाही, पक्षी बाहेर यावा म्हणून मोबाईलवर त्याचा आवाज वाजवायचा नाही, वाघाच्या फोटोसोबत ठिकाण टाकायचं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे जरूर जा. सुट्टी आणि स्वच्छ आभाळ दोन्ही एकत्र येतात. या वेळी मात्र ठरवून जा: एक दिवस नुसती खोडं, एक दिवस नुसता उजेड, दोन सकाळी शिखरं, आणि मामा सुट्टी काढू शकला तर बिनसर. आल्यावर निवडक दहा फोटो पाठव. कुठला का निवडला ते प्रत्येकाखाली दोन ओळींत लिही, मला फोटोंइतकंच ते वाचायचं आहे.

ताई, शेवटी कागदांचं. २०२४-२५ पासून राज्यात केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. एससी-एसटीसाठी महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर वेगळी शिष्यवृत्ती आहे. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही, पण उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला असेल तर तो, आणि डोमिसाईल या तिन्हींसाठी याच आठवड्यात सेतू केंद्रात अर्ज टाका. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की तिथे गर्दी होते, आणि एका दाखल्यापायी हाताशी आलेली जागा गेलेल्या मुली मी बघितल्या आहेत.